रसिकसमुदायाचा निरोप

मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दाने दोन भिन्न व्यवहार सांगितले जातात. दूरच्या माणसाला कळवावयाचा मजकूर हाही निरोप, आणि जवळच्या माणसापासून दूर होताना घेतलेली अनुज्ञा हाही निरोपच. एखाद्या कलाकृतीच्या प्रेमामुळे, परस्परांना कधीही न पाहिलेली माणसे वर्षानुवर्षे एका सूत्रात बांधली जातात आणि कालांतराने तो समुदाय विसर्जित होतो, तेव्हा या दोन अर्थांमधील नाते स्पष्ट होते. अशा समुदायाचे अस्तित्व पहिल्या अर्थाच्या निरोपांवरच उभे असते. निरोपांचे येणे-जाणे थांबले की समुदाय उरत नाही. मग दुसऱ्या अर्थाचा निरोप त्याने कोणाचा, आणि कशा प्रकारे घ्यावयाचा? हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. कलास्वाद ही एकट्याची क्रिया आहे की अनेकांची, या साहित्यशास्त्रातील जुन्या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने आस्वादकाला दोन नावे दिली आहेत. एक ‘सहृदय’ आणि दुसरे ‘सामाजिक’. आधुनिक समीक्षेने यांपैकी पहिल्याचा पुष्कळ विचार केला. कवीच्या हृदयाशी ज्याचे हृदय जुळते तो सहृदय, ही कल्पना एकांतात पुस्तक वाचणाऱ्या वाचकाला सहज लागू पडते. दुसऱ्या नावाकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. ‘सामाजिक’ म्हणजे समाजात, म्हणजेच सभेत, बसलेला प्रेक्षक. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत असे प्रतिपादन केले आहे की, सर्व सामाजिकांना येणारी प्रतीती एकघन असते आणि तिच्यामुळे रसाचा परिपोषच होतो. शेजारी बसलेला माणूसही त्याच क्षणी त्याच भावाने भारला गेला आहे, ही जाणीव रसाला बाधक तर नाहीच, उलट साहाय्यक आहे, असा याचा अर्थ घेता येतो. कलाकृती आणि आस्वादक यांच्या नात्याइतकेच आस्वादक आणि आस्वादक यांच्या नात्यालाही महत्त्व आहे, हे येथे सूचित होते. रसिकसमुदायाच्या निरोपात जे तुटते ते हे दुसरे नाते होय.

हा भेद स्पष्ट होण्यासाठी प्रथम एक विरुद्ध उदाहरण घेता येईल. डिसेंबर 1893 च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉइल यांनी आपला मानसपुत्र शेरलॉक होम्स याला मृत्यूच्या स्वाधीन केले. वाचकांचा क्षोभ झाला. लंडनमध्ये लोक शोकचिन्हे धारण करून फिरत होते, ही त्यासंबंधीची कथा बहुधा दंतकथाच असावी. पण दंतकथा निर्माण व्हावी इतका तो क्षोभ खरा होता. 1901 मध्ये होम्स एका पूर्वकालीन प्रकरणाच्या निमित्ताने पुन्हा प्रकट झाला आणि 1903 मध्ये तो मेलाच नव्हता असे ठरविण्यात आले. शेवटची कथा 1927 मध्ये आली, 1930 मध्ये लेखकाचे निधन झाले. आणि त्यानंतर, 1934 मध्ये, ख्रिस्टोफर मॉर्ली यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये होम्सभक्तांचे ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ हे मंडळ स्थापन झाले. लंडनची संस्था 1951 ची. म्हणजे येथे लेखन संपले, लेखकही गेला, आणि समुदाय मात्र त्यानंतर संघटित झाला. कलाकृतीचा शेवट हा समुदायाचा शेवट नव्हे, एवढे यावरून सिद्ध होते. मग समुदायाचा शेवट कशाने होतो? याचे उत्तर आपल्याच देशातील एका उदाहरणात अधिक स्पष्टपणे सापडते.

1952 साली माहिती आणि नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या महाराष्ट्रीय मंत्र्यांकडे आली. शास्त्रीय संगीताविषयीची त्यांची आस्था आणि चित्रपटसंगीताविषयीची अप्रीती प्रसिद्ध आहे. त्यांच्या धोरणामुळे आणि चित्रपटनिर्मात्यांशी झालेल्या वादामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोता मात्र हद्दपार झाला नव्हता. महायुद्धकाळात ब्रिटिश लष्करासाठी उभारलेले आणि नंतर सिलोन सरकारच्या ताब्यात आलेले प्रक्षेपणकेंद्र समुद्रापलीकडे होते. त्याच्या लघुलहरी भारतभर ऐकू येत. याच वर्षाच्या डिसेंबरात, बिनाका या टूथपेस्टच्या नावाने, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सायानी हे मुंबईचे; कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि विमानाने कोलंबोस जाऊन तेथून, बुधवारी रात्री आठ वाजता, पुन्हा भारतात ऐकू येई. 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली, ती बव्हंशी या दूरच्या आवाजाला दिलेले उत्तर म्हणूनच.

आरंभी या कार्यक्रमाचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गीते वाजविली जात आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा असे. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याच्या पत्रांची संख्या 65,000 वर गेली, असे सायानी पुढे सांगत. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाल्यावर स्पर्धा मागे पडली आणि लोकप्रियतेनुसार गीतांची चढती श्रेणी लावण्याची पद्धत आली. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची मागणी यांवरून ही श्रेणी ठरे. गीत एकेक ‘पायदान’ चढे, आणि शिखरावर पोहोचलेल्या ‘सरताज गीता’चे बिगुल वाजवून स्वागत होई. मागणी नोंदविण्यासाठी गावोगावी श्रोत्यांचे संघ निघाले. त्या काळच्या फर्माइशीच्या कार्यक्रमांमुळे आजच्या झारखंडातील कोडरमा जिल्ह्यातील झुमरी तिलैया या अभ्रकाच्या खाणींच्या परिसरातील लहानशा गावाचे नाव देशभर झाले. तेथून इतकी पत्रे येत की, असे गाव खरोखर आहे की कोणी ते कल्पिले आहे, अशी शंका लोक घेऊ लागले.

या व्यवहाराकडे केवळ करमणुकीचा प्रकार म्हणून पाहिल्यास त्यातील मर्म निसटते. पत्र लिहिणाऱ्याला गीत ऐकावयाचे होते, हे खरे. परंतु ते गीत बहुधा मागणीवाचूनही वाजलेच असते. त्याला आणखी काही हवे होते. आपले नाव, आपल्या गावाचे नाव आणि आपल्या आवडीच्या गीताचे नाव ही तिन्ही एका वाक्यात, अनोळखी लोकांच्या कानांवर एकाच वेळी पडावीत, ही त्याची इच्छा होती. नाट्यगृहात शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो आणि त्यामुळे एकघनता आपोआप येते. नभोवाणीचा श्रोता आपल्या घरात, पानपट्टीच्या दुकानासमोर किंवा उपाहारगृहाच्या बाकावर बसलेला असे. त्याच्यासाठी सभागृहाच्या भिंती पोस्टकार्डांनीच उभारल्या. ‘बहनो और भाइयो’ या संबोधनात त्या अदृश्य सभेची नोंद होती. निवेदक त्या सभेचा सूत्रधार होता. तो गीतांची ओळख करून देई, आणि त्याहून अधिक म्हणजे श्रोत्यांची श्रोत्यांशी ओळख करून देई.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो उपेक्षणीय नाही. नाव ऐकण्याची ही हौस म्हणजे शेवटी आत्मप्रौढीच नव्हे काय? काही श्रोतासंघांत गीतापेक्षा संघाच्या नावाचाच अभिमान अधिक असे, आणि लोकप्रियता मोजली जाते म्हटल्यावर ती वाढवून दाखविण्याचे मोहही निर्माण होत. परंतु कोणत्याही रसिकसभेत हा अंश असतोच. कीर्तनात पुढे बसणारा, मैफलीत समेवर मोठ्याने दाद देणारा, ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या समासात आपला अभिप्राय लिहून ठेवणारा, या साऱ्यांना आपण ऐकले आहे, आपण वाचले आहे, याला साक्षी हवा असतो. साक्षीची ही गरज आस्वादाबाहेरची मानली, तर ‘सामाजिक’ या संज्ञेला काही अर्थच राहात नाही.

गीतमाला 1989 मध्ये विविध भारतीवर आली आणि 1994 मध्ये थांबली. नंतर तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले, पण ते अल्पजीवी ठरले. येथे होम्सच्या उदाहरणाच्या नेमके उलट घडले. गीते कोठेही गेली नाहीत. तबकडीवरून ती ध्वनिफितीवर आली, फितीवरून आणखी सूक्ष्म साधनांवर. आज कोणतेही जुने गीत कोणत्याही क्षणी ऐकता येते. बुधवारची वाट पाहावी लागत नाही, कोणाला पत्र लिहावे लागत नाही. ज्या अडचणीमुळे समुदाय निर्माण झाला होता ती अडचणच नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर समुदायही. ‘कोणत्याही क्षणी’ या सोयीतच ‘त्याच क्षणी’ या अनुभवाचा लोप आहे. कलाकृती शिल्लक असताना तिच्याभोवतीची सभा उठून जाते, हा वियोग ओळखण्यास कठीण असतो, कारण हरवलेल्या वस्तूकडे बोट दाखविता येत नाही. गीत ऐकणारा म्हणतो की काहीतरी उणे आहे, आणि त्याला वाटते की ते उणेपण गीतात किंवा आपल्या वयात आहे.

म्हणूनच कदाचित या समुदायाचा खरा निरोप तीस वर्षे उशिरा घडला. 20 फेब्रुवारी 2024 रोजी अमीन सायानी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा देशातील अनेक भाषांतून स्मरणलेख प्रसिद्ध झाले. हे लेख बहुतांशी एकाच घडणीचे होते. त्यांत निवेदकाच्या चरित्रापेक्षा लिहिणाऱ्याच्या घरातील रेडिओ, तो ठेवण्याची जागा, भोवती जमलेली माणसे आणि बुधवारची रात्र यांचेच वर्णन अधिक होते. वरवर पाहता हा विषयांतराचा दोष. पण वस्तुतः तेच त्या लेखांचे प्रयोजन होते. सूत्रधाराच्या मृत्यूच्या निमित्ताने सभा स्वतःचा निरोप घेत होती. प्रत्येकाने आपापल्या घराचे वर्णन केले आणि ती सारी घरे सारखीच निघाली. एकघनतेचा यापेक्षा बोलका पुरावा मिळणे कठीण आहे.

निरोपाचा आणखी एक प्रकार गेल्या काही दशकांत दिसू लागला आहे. त्यात कृतीही जिवंत असते आणि रसिकही. फक्त जमण्याची जागा तिच्या मालकाकडून बंद केली जाते. ‘ऑर्कुट’ या संगणकीय सभास्थानावर भारतातील असंख्य लोकांनी कवी, गायक, नट आणि कादंबऱ्या यांच्या नावाने मंडळे स्थापिली होती. ते 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. तेथील सार्वजनिक मंडळांचा संग्रह काही काळ केवळ पाहण्यासाठी ठेवण्यात आला, आणि पुढे तोही काढून घेण्यात आला. येथे निदान दिवस ठरलेला होता आणि निरोप घेण्यास अवधी मिळाला. परंतु गीतमालेचा श्रोता आपल्या पोस्टकार्डाचा आणि आपल्या घराचा मालक होता. या नव्या सभेतील रसिकाचा शब्दही परक्याच्या जागेत साठविलेला होता. सभा उठली तेव्हा तो शब्दही उठून गेला.

येथे वाङ्मयेतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या भाषांचे इतिहास ग्रंथकारांचे आहेत, फार तर संपादकांचे आणि मासिकांचे आहेत. रसिकांचे इतिहास लिहिले गेले नाहीत. त्याचे कारण अनास्था एवढेच नव्हे. त्याचे साधनच टिकाऊ नसते, हेही आहे. मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर पोस्टकार्डाचे काम गीताचा क्रम लागताच संपते. पण ज्या पत्राचे व्यावहारिक काम संपते त्याचे वाङ्मयीन काम तेथूनच सुरू होते. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या भाषेच्या माणसाला कोणते गीत का आवडले. हिंदी ज्याची मातृभाषा नाही त्याने ती आवड कोणत्या हिंदीत लिहिली. बहिणीने भावाचे नाव पत्रात का घातले. या प्रश्नांची उत्तरे गीतकाराच्या समग्र संग्रहात मिळत नाहीत. एका परभाषेतील गीताभोवती अनेक भाषांचे लोक चाळीस वर्षे एका सभेत बसले, ही भारतीय साहित्याच्या एकात्मतेविषयीच्या अनेक व्याख्यानांहून अधिक अर्थपूर्ण घटना आहे. आणि तिचे कागदपत्र म्हणजे ती पत्रे होत.

तेव्हा रसिकसमुदायाला निरोप देण्याची योग्य रीत कोणती, याचे उत्तर शोकगीतात शोधण्याचे कारण नाही. मागे काय ठेवावयाचे याचा विचार निरोपाच्या वेळीच करावयाचा असतो. नंतर तो करता येत नाही. श्रोतासंघांच्या वह्या, पत्रांच्या नकला, गीतांचे क्रम टिपून ठेवलेल्या रोजनिश्या या वस्तू अनेक घरांतील ट्रंकांतून आणि माळ्यांवरून आजही निघू शकतात. ज्यांनी त्या लिहिल्या त्या पिढीतील तरुण आता वृद्ध आहेत. विद्यापीठांचे भाषाविभाग, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था हस्तलिखिते गोळा करतात, लेखकांचा पत्रव्यवहार जपतात. त्याच कपाटात एक खण सामाजिकांसाठी ठेवणे त्यांना अवघड नाही. तसे झाल्यास निरोप या शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतील. सभा उठेल, पण तिने पाठविलेला मजकूर पुढील वाचकाच्या हाती पडेल.