हेमलकशाच्या पावसात घरचा कॅमेरा

पावसाळा लागला की गडचिरोलीकडच्या घरांत बाहेरगावी गेलेल्या मुलांचे फोन एकाच कारणाने सुरू होतात. कोणी नागपुरात शिकायला आहे, कोणी पुण्यात नोकरीला, कोणी शारजात. घरी म्हातारे अम्मी-अब्बा, पुढे किराणा दुकान, दारावर कॅमेरा. मुलगा मोबाइल उघडतो तर चित्राच्या जागी काळा चौकोन आणि त्याखाली 'ऑफलाइन' हा शब्द. मग घरी फोन. तो लागत नाही. शेजाऱ्याला फोन. तोही लागत नाही. आता मात्र काळजाचा ठोका चुकतो.

आमच्या नात्यातली दोन घरे आलापल्ली-भामरागड रस्त्याला आहेत, म्हणून ही घालमेल आम्ही जवळून पाहतो. आणि दरवेळी आम्हांला हेच सांगावेसे वाटते की घरचा फोन लागत नाही आणि शेजाऱ्याचाही लागत नाही, ही खरे तर धीर देणारी खूण आहे. दोघांचेही एकदम बंद झाले म्हणजे बिघाड तुमच्या घरात नाही, टॉवरला किंवा टॉवरपर्यंत येणाऱ्या वायरीला आहे. एकट्या तुमच्या कॅमेऱ्याने मान टाकली असती तर शेजारी फोनवर बोलला असता.

'ऑफलाइन' या शब्दाने फार घोटाळा केला आहे. त्याचा अर्थ 'कॅमेरा बंद आहे' असा नाही. कॅमेऱ्याकडून बराच वेळ निरोप आला नाही, एवढेच तुमच्या मोबाइलमधले ॲप सांगत असते. दारावरच्या कॅमेऱ्यातून चित्र निघते ते वाय-फायने घरातल्या राउटरकडे जाते, राउटरमधून टॉवरकडे किंवा फायबरच्या वायरीत, तिथून कंपनीच्या दूरवरच्या संगणकाकडे आणि मग तुमच्या हातातल्या मोबाइलवर. या वाटेत कुठेही एक सांधा निखळला तरी ॲपला सांगायला शब्द तो एकच. कॅमेरा दुरुस्त करणे म्हणजे बहुतेक वेळा निखळलेला सांधा शोधणे.

हेमलकशात तो कुठे निखळतो हे नकाशाच सांगतो. भामरागड इथून जेमतेम तीन किलोमीटर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भामरागडजवळ एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागड तुटते. २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी बाजारपेठेत शिरले होते. आलापल्लीकडे जाणारा रस्ता जंगलातून आणि नाल्यांवरून जातो, विजेच्या तारा त्याच जंगलातून येतात. एक झाड पडले तरी गावे अंधारात. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा वीज नव्हतीच, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात रुग्ण पाहिले. त्या मानाने आज खूपच बदलले आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये देशातल्या नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टॉवर टू-जीवरून फोर-जी करायला मंजुरी दिली. पण टॉवर कितीही नवा असला तरी त्यालाही वीज लागते आणि त्याच्यापर्यंतची वायरही त्याच पावसातून येते.

तेव्हा पहिला प्रश्न घरच्यांना विचारायचा तो असा: राउटरवर दिवे आहेत का? फोन लागला तर हे विचारायला अर्धा मिनिट पुरते. दिवे नसतील तर वीज गेली आहे किंवा ॲडाप्टर जळला आहे. दिवे आहेत पण घरच्या मोबाइलवर वाय-फायने काहीच उघडत नाही, तर बिघाड बाहेरचा आहे; कॅमेऱ्याला हात लावू नये, वाट पाहावी. वाय-फाय नीट चालते आणि फक्त कॅमेरा दिसत नाही, तेव्हाच शिडी काढायची. तीही विजा चमकत असताना नव्हे. विजा कडाडत असतील तर राउटरचा ॲडाप्टर भिंतीतून काढून ठेवावा, आणि बाहेरून वायर आत येत असेल तर तीही राउटरपासून सोडवावी. नुसते बटण बंद केल्याने वीज थांबत नाही.

वीज गेली आणि पुन्हा आली, त्यानंतर कॅमेरा रुसतो, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तिचे कारण साधे आहे. वीज येताच कॅमेरा अर्ध्या-एक मिनिटात जागा होतो आणि वाय-फाय शोधू लागतो. राउटरला मात्र टॉवर पकडून उभे राहायला दोन-तीन मिनिटे, कधी जास्तही लागतात. चांगले कॅमेरे पुन्हापुन्हा शोधत राहतात, स्वस्तातले काही थोड्या वेळाने हात टेकतात. उपाय: कॅमेऱ्याचा प्लग काढा, राउटर पूर्ण जागा होऊ द्या, पाच मिनिटांनी कॅमेरा लावा. बहुतेक दुरुस्ती इथेच संपते आणि मेकॅनिकचे आलापल्लीहून येण्या-जाण्याचे पैसे वाचतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला तर हा खेळच उरत नाही. घेताना राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर किती व्होल्ट लिहिले आहे ते बघून घ्यावा. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नसतात.

काही कॅमेरे दिवसा ठीक आणि मगरिबनंतर बंद-चालू होतात. याला लोक वाय-फायचा दोष समजतात. अंधार पडला की कॅमेऱ्यातले न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे पेटतात आणि त्याला वीज जास्त लागते. ॲडाप्टर कमजोर झाला असेल किंवा मोबाइलची पातळ वायर जोडून जोडून लांबवली असेल, तर तेवढी वीज पोहोचत नाही, कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. ॲडाप्टर बदलावा, वायर आखूड करावी. नवा ॲडाप्टर तितक्याच व्होल्टचा हवा; ॲम्पिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

पावसात आणखी एक गोष्ट होते. ओल्या पानांतून वाय-फायच्या लहरी कमी पार होतात. उन्हाळ्यात अंगणापलीकडच्या फाटकापर्यंत पोहोचणारे वाय-फाय श्रावणात, मधल्या झाडाला पालवी भरल्यावर, पोहोचत नाही. टिनाचे पत्रे तर लहरींना अडवतातच. अशा वेळी राउटर कपाटामागून काढून खिडकीपाशी, उंचावर ठेवून पाहावा. आणि राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडत असेल तर कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झवाल्या नावालाच जोडावा. घरगुती कॅमेऱ्यांतले बरेचसे तेवढेच ओळखतात, आणि पाचवाल्या लहरी भिंतीपलीकडे लवकर दमतात.

राउटर बदलला की चारही कॅमेरे एकदम बंद होतात, कारण त्यांना जुन्याच वाय-फायचे नाव पाठ असते. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी शिडी लावत फिरण्याची गरज नाही. नव्या राउटरला जुन्या वाय-फायचे नाव आणि जुनाच पासवर्ड, अक्षरन्अक्षर तसाच, देऊन टाकावा. कॅमेरे आपणहून परततात. ही युक्ती आमच्या एका भाच्याने काढली आणि आता त्याला सगळ्या खानदानातून बोलावणी येतात.

रीसेटच्या छिद्रात टाचणी घालण्याची घाई मात्र कोणी करू नये. पुष्कळ कंपन्यांचे कॅमेरे ज्याने पहिल्यांदा बसवले त्याच्या खात्याला बांधलेले असतात. खाते शारजातल्या मुलाच्या नावावर, कॅमेरा हेमलकशात, आणि इथे कोणी रीसेट केले तर सगळी मांडणी पुसली जाते आणि मुलाने आपल्या ॲपमधून तो सोडल्याशिवाय घरातल्या मोबाइलला जोडताही येत नाही. नेट बंद असताना तर हे करूच नये. पुन्हा जोडायलाच नेट लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. नेट नसतानाही कॅमेऱ्याने आपले काम करत राहायला हवे, आणि ते होऊ शकते. याच जंगलांकडे बघा. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ४ कोटी ७० लाखांहून जास्त छायाचित्रे टिपली. झाडाला पट्ट्याने बांधलेल्या या डब्यांना ना वायर, ना राउटर. समोरून जनावर गेले की ते फोटो काढतात आणि आतल्या कार्डावर ठेवतात. वनविभागाची माणसे नंतर कार्ड काढून नेतात. ताडोब्याच्या वाघाला जमते ते आपल्या दुकानाच्या शटरला का जमू नये? घरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मेमरी कार्डाची जागा असतेच, फक्त ती रिकामी असते, कारण विकणाऱ्याने ऑनलाइन साठवणुकीची वर्गणी गळ्यात मारलेली असते. जिथे नेट बारमाही आहे तिथे ती वर्गणी ठीक. हेमलकशात आधी कार्ड.

हिशेब सांगतो. चित्र सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने साठत असेल तर दिवसाचे सुमारे ११ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पाचेक दिवस. हालचाल झाली तरच टिपायचे ठरवले तर कितीतरी जास्त. मोबाइलमधले साधे कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मरते, म्हणून कॅमेऱ्यासाठीचे टिकाऊ कार्ड मागून घ्यावे. आणि महिन्यातून एकदा जुने चित्र उघडून पाहावे. कार्ड मेलेले असते आणि कोणाला पत्ता नसतो, हे चोरीनंतर कळून उपयोग काय?

तारीखही तपासावी. लांबलचक वीज गेल्यावर, नेट नसताना कॅमेरा जागा झाला तर त्याला वेळ सांगणारे कोणी नसते; काही कॅमेरे मग सरळ १ जानेवारी १९७० पासून मोजू लागतात, कारण संगणकांचे घड्याळ तिथून सुरू होते. घड्याळ चुकलेले असेल तर कधीकधी कंपनीचा संगणकही त्याला ओळख देत नाही आणि नेट येऊनही कॅमेरा 'ऑफलाइन'च राहतो. ॲपमध्ये जाऊन वेळ जुळवली की काम होते. पोलिसांत चित्र द्यायची वेळ आली तर चुकीच्या तारखेचे चित्र डोकेदुखी ठरते, हेही लक्षात असू द्या.

एका कारणाबद्दल मेकॅनिक बोलत नाहीत. बंद दिसणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी काही मुद्दाम बंद केलेले असतात. अंगणात सून कपडे वाळत घालते, मुली केस विंचरत बसतात, आणि वर कॅमेरा. बघणारा दीर परदेशात, त्याच्या मोबाइलवर त्याचे मित्र डोकावत नसतील कशावरून? मग कोणी प्लग काढते, कोणी त्यावर ओढणी टाकते, आणि फोन आला की 'लाइट गेली होती' म्हणते. यात तिचा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दुसऱ्याच्या खाजगीपणात टेहळणी करायला मनाई आहे, आणि सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला. मोबाइलमधून शिरणे हेही शिरणेच. असा कॅमेरा दुरुस्त करायचा तर पाना-पेचकस नको, त्याचे तोंड फिरवायला हवे: फाटकाकडे, शटरकडे, गल्ल्याकडे. अंगण, आतली खोली आणि समोरच्या घराचे दार चौकटीतून बाहेर. मग कोणी प्लग काढणार नाही.

पासवर्डही याच कारणासाठी बदलावा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी तसेच ठेवले होते म्हणून. घरातला पासवर्ड, खात्याचा मोबाइल नंबर आणि राउटरचे नाव एका कागदावर लिहून अम्मीच्या कपाटात ठेवावे. पुरात मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

बाकीची कामे मृग लागायच्या आत उरकावीत. कॅमेऱ्याकडे जाणारी वायर सरळ वरून खाली न आणता आधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोळातून गळून जाते, जोडात शिरत नाही. जोडांवरची जुनी टेप काढून नवी गुंडाळावी. मागचे झाकण उघडून मुंग्यांचे वारूळ झाले आहे का ते पाहावे, काचेवरचे कोळ्याचे जाळे पुसावे. रात्री त्याच्यावर उजेड पडून सगळे चित्र पांढरे दिसते आणि कोळ्याच्या प्रत्येक हालचालीला मोबाइलवर घंटा वाजत राहते. सिमकार्डवाला कॅमेरा असेल तर रिचार्जची मुदत पावसाळ्याच्या ऐन मध्यावर संपत नाही ना, तेही बघून ठेवावे.