खारघरचं प्रोटॉन यंत्र

दोन-दोन दिसतंय, असं लहान मूल सहसा सांगत नाही. ते एक डोळा झाकून वाचतं, नाहीतर मान वाकडी करून फळ्याकडे बघतं. शेलूबाजारसारख्या गावात अशा वेळी चष्मा लावला जातो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. पण तिरळेपणा अचानक आला आणि डोकंही दुखत असेल, तर एमआरआय केल्याशिवाय राहू नये. डोळा बाहेर वळवणारी नस कवटीच्या तळाशी क्लायव्हस नावाच्या हाडाला चिकटून जाते. त्या हाडात गाठ झाली तर पहिली दबते तीच.

गर्भात कणा घडताना आधाराला असलेल्या नोटोकॉर्डचे अंश या हाडात उरतात. त्यांतून होणारी गाठ म्हणजे कॉर्डोमा. वर्षाला दहा लाखांत एखादा रुग्ण. त्यात मुलं फारच थोडी. नेहमीच्या किमोला ती दाद देत नाही. सर्जन दुर्बिणीनं नाकावाटे जमेल तेवढी काढतात. उरलेलीला सत्तर ग्रे किंवा त्याहून जास्त किरणमात्रा लागते, आणि मागे काही मिलिमीटरवर असलेल्या मेंदूच्या देठाला ती सोसत नाही.

म्हणून प्रोटॉन. एक्स-किरण शरीर भेदून पलीकडे जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतो. उपचाराची ही कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्ये मांडली. नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये, 2023 पासून हे उपचार मिळतात. तिथलं सायक्लोट्रॉन सुमारे 220 टनांचं. प्रोटॉन त्यातून प्रकाशाच्या जवळजवळ साठ टक्के वेगानं सुटतात. पुढे अजस्र गॅन्ट्री मुलाभोवती फिरून हवा तो कोन साधते. चेहऱ्यावर मापाचा जाळीदार मुखवटा घट्ट बसवतात, कारण डोकं जरासुद्धा हलून चालत नाही. किरण काही मिनिटंच. वेळ जातो तो मूल नेमकं जागेवर आणण्यात. अगदी लहानांना रोज भूल द्यावी लागते, म्हणजे रोज सकाळी उपाशीपोट.

आठवड्यातून पाच दिवस, सात-आठ आठवडे. समृद्धी महामार्गानं शेलूबाजारहून मुंबई जवळ आली. पण सोयाबीन काढणीला आलेलं असताना आईबापांपैकी एकानं दोन महिने घर सोडणं, हा हिशेब रस्त्यानं सुटत नाही. खारघरमधलं सेंट ज्यूडचं निवासकेंद्र म्हणूनच मला यंत्राइतकंच मोलाचं वाटतं: कॅन्सरग्रस्त मुलाला आणि आईबापांना तिथे मोफत राहता येतं.

उपचार संपले तरी फेऱ्या संपत नाहीत. पिट्युटरी ग्रंथी गाठीच्या शेजारीच असते, त्यामुळे उंची आणि थायरॉइड यांची, शिवाय ऐकू येण्याची आणि एमआरआयची तपासणी पुढे कित्येक वर्षं चालते.