शिशाच्या गोळीमागची दारू

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरणारे नेमबाज पुष्कळ, आणि त्यातले काही गोळीही घरीच ओततात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. नुसतं शिसं फार मऊ, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी घालतात. एका नेहमीच्या मिश्रणात शिसं ९० टक्के आणि ही दोन्ही पाच-पाच टक्के. तरीही तांब्याचं आवरण असलेल्या गोळीपुढे ही मऊच.

.३०-०६ या रायफलच्या काडतुसातून आवरणाची गोळी सेकंदाला २,७०० फुटांच्या वर सुटते. ओतीव गोळी साधारण १,४०० ते २,००० फुटांत बरी चालते. फार रेटलं तर कडेनं तापलेला वायू निसटतो, नळीतल्या चरांना शिसं चिकटतं आणि नेमाची वाट लागते. बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवली की ती जरा जास्त सोसते.

दारूचा दाणा पृष्ठभागावरून जळत जातो. चपट्या, पातळ दाण्यांची दारू भसकन पेटते, दाब लगेच चढतो. लांब, आरपार भोक असलेला दाणा बाहेरून झिजतो तसं आतलं भोक रुंदावतं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग बराच वेळ तेवढाच राहतो आणि दाब हळू चढतो. मऊ गोळीला मग सर्वांत मंद दारूच हवी, असं वाटेल. पण मंद दारूला नीट जळायलाच भरपूर दाब लागतो. दारूच्या हलक्या भारात तो मिळत नाही. अर्धवट जळलेले दाणे नळीत उरतात आणि दर बाराला वेग बदलतो.

म्हणून बरेच जण ‘युनिक’सारखी जलद दारू घेतात. थोडक्यात भागतं, डबा खूप दिवस पुरतो. धोकाही तिथेच आहे. हा थोडका भार काडतुसाच्या पुंगळीच्या तळाशीच राहतो. चुकून दुप्पट पडला तरी बाहेर सांडत नाही, आणि तशा बारानं रायफल फुटू शकते. भरलेल्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून, गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावायचं: सगळीकडे दारू एकाच पातळीला हवी. शिवाय रिकाम्या जागेत दारू पुढेमागे सरकते, तसा वेगही हलतो.

‘२४००’ ही दारू जराशी मंद. माझं मत मात्र पुंगळी बऱ्यापैकी भरणाऱ्या ४८९५ ला. वाचलेल्या चार पैशांपेक्षा रायफल महाग. हॉजडन कंपनी आपल्या एच-४८९५ चा भार कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरवू देते. त्याच कंपनीच्या एच-११० चा भार मात्र असा उतरवायचा नसतो. आयएमआर-४८९५ चा आकडा तोच असला तरी दारू वेगळी, तेव्हा ६० टक्क्यांची सवलत तिला लावू नये. ज्या डब्यातून दारू घ्यायची, त्याच दारूचं कंपनीचं ताजं कोष्टक उघडायचं आणि त्यातल्या सुरुवातीच्या भारापासून चढत जायचं.