बोंबील मऊ, पण खोल पाण्यातला नव्हे

गोरेगावच्या बाजारात ओला बोंबील हातात घेतला की वाटतं, इतका लिबलिबीत मासा नक्की अथांग पाण्यातून आला असणार. तसं नाही. बोंबील मुंबई-गुजरात किनाऱ्यालगतच्या गढूळ, उथळ पाण्यातला. वर्सोवा-मढचे कोळी तो डोल जाळ्यात धरतात. आपल्यासमोरचा समुद्र लांबवर उथळच आहे. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर. बोंबलाचे दूरचे भाऊबंद, उदाहरणार्थ बॅथिसॉरस, मात्र हजार मीटरच्याही खाली तळावर राहतात.

दुसरा समज नेमका उलटा: तिथल्या माशाचं अंग पोलादी असलं पाहिजे. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ८,००० मीटरवर सुमारे ८०० पट. पण माशाच्या अंगातही पाणीच असतं, आणि पाणी एवढ्या दाबाखाली तीन-साडेतीन टक्केच आकसतं. आतबाहेर दाब सारखा असल्यावर मासा चिरडत नाही. चिरडली जाते ती हवेची पोकळी. म्हणूनच माणसांना ६,००० मीटर खाली नेण्यासाठी बनत असलेल्या ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीला ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल लागतो. उलट २०२२ साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर चित्रित झालेला स्नेलफिश मऊ, बिनखवल्यांचा, आणि त्याला हवेची पिशवीच नाही.

मग मऊपणा हाच दाबावरचा उपाय? तोही नाही. पाणीदार मांस हलकं असतं, त्यामुळे पिशवीविना तरंगणं सोपं जातं, एवढंच. दाबाचा खरा घाव पेशींच्या आत बसतो. प्रथिनांच्या घड्या बिघडतात, पेशींची पातळ आवरणं ताठरतात. आवरणांसाठी हे मासे असंतृप्त चरबी जास्त वापरतात. प्रथिनांना सांभाळतं ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. खोली वाढेल तसं माशाच्या अंगात त्याचं प्रमाण वाढत जातं. आपल्या समुद्री मासळीतही ते असतंच. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं विघटन करतात आणि बाजारातला तो ओळखीचा वास येतो. या रसायनालाही मर्यादा आहे. सुमारे ८,२०० मीटरच्या आसपास माशाच्या अंगातले द्रव समुद्राइतकेच तीव्र होतात. त्यापुढे ते वाढलं तर बाहेरचं पाणी अंगात शिरू लागेल. त्याच्या फार खाली मासे सापडत नाहीत, त्याचं हे एक पटणारं कारण आहे.

वर आणला की खोल पाण्यातला प्रत्येक मासा फुटतो, हेही खरं नाही. हवेची पिशवी असलेल्यांना तो धोका असतो: ५० मीटरवरून झटकन वर ओढलेल्या माशाच्या पिशवीतला वायू सहापट पसरू पाहतो. पिशवी नसलेले मासे फुटत नाहीत. त्यांना वरचं कोमट पाणी आणि पेशींतला बिघाड मारतो. २०१३ मध्ये सर्वात कुरूप प्राणी ठरवलेल्या ब्लॉबफिशवर तर अन्यायच झाला. तो ओघळलेला चेहरा पाण्याचा आधार सुटल्याचा आणि जाळ्यात ओढून आणल्याचा परिणाम आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडजवळच्या त्याच्या खोल पाण्यात तो मोठ्या डोक्याचा, साधा मासाच दिसतो.