नादाराच्या घरचा नवा रतीब

नादारी हा शब्द आपल्या शिक्षकवर्गाला शाळेच्या दप्तरातून परिचित आहे. फी-माफीसाठी येणारा नादारीचा अर्ज आणि दिवाणी न्यायालयातील नादारी यांत मात्र मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात मनुष्य आपली मिळकत न्यायालयाच्या स्वाधीन करतो आणि त्या मोबदल्यात कर्जाच्या ससेमिऱ्यातून सुटका मागतो. मुंबई शहरासाठी यासंबंधीचा कायदा १९०९ चा. खामगाव, मेहकर, मलकापूर यांसारख्या गावांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. पाचशे रुपयांचे देणे असले तरी ऋणकोला त्याखाली अर्ज करता येतो, यावरूनच त्याचे वय कळावे.

प्रश्न आहे तो नादार ठरल्यानंतरच्या संसाराचा. मनुष्य नादार ठरला म्हणून त्याच्या घरातील मुले दूध प्यायची थांबत नाहीत. भाड्याच्या नव्या खोलीत बिऱ्हाड हलवले की विजेची जोडणी, दुधाचा रतीब, वर्तमानपत्र, दूरध्वनी हे सारे नव्याने सुरू करावे लागते. ते त्याने करावे की नाही?

अधिनियमाच्या ७२ व्या कलमाचे उत्तर असे की, मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता कोणाकडूनही पन्नास रुपये वा अधिक उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. येथे शब्द ‘उधार’ आहे, ‘खरेदी’ नव्हे. पैसे आगाऊ भरून घेतलेली भ्रमणध्वनीची किंवा दूरचित्रवाणीची सेवा या कलमात बसत नाही. (दूरचित्रवाणी संच स्वतः जप्तीतून वाचत नाही, ही गोष्ट वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारे, जरूर तेवढी गुरे व बियाणे वाचवते. धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिनाही वाचवते.) विजेचे बिल वापरानंतर येते खरे, पण मंडळी अनामत आधीच ठेवून घेतात. शिवाय २००३ च्या वीज अधिनियमानुसार आगाऊ भरण्याचा मीटर पत्करणाऱ्याकडून अनामत मागता येत नाही. थोडक्यात, मोठ्या संस्थांनी आपला बंदोबस्त करून ठेवलेला आहे.

उघडा पडतो तो गवळी. महिनाभर दूध घालून पहिल्या तारखेला पैसे मागणारा हा मनुष्य अनामत घेत नाही, चौकशीही करीत नाही. वर्तमानपत्रवाला आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांची तीच गत. हे नवे देणे नादारीच्या हुकमानंतरचे असल्यामुळे मुक्ततेच्या आदेशाने ते पुसले जात नाही हे खरे. पण बुडाले तर दीड-दोन हजारांसाठी कोणता गवळी कोर्टाची पायरी चढणार? म्हणून सांगून घेण्याचे बंधन मला मुळात योग्यच वाटते. हास्यास्पद आहे ती मर्यादा. १९२० साली पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज एक लिटर दुधाच्या दुसऱ्याच दिवशी नादार माणूस कायद्याने गुन्हेगार ठरतो. असे कलम कोणी पाळीत नाही, आणि पाळले जात नसल्यामुळे ज्या गवळ्याचे रक्षण व्हायचे त्याचेही होत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही रक्कम नियमांनी ठरवावी, असे शहाणपण दाखवले. परंतु त्या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य कारकून, दुकानदार आणि शेतकरी जुन्याच कायद्यात राहिले.

बुलढाण्याला हा प्रश्न दूरचा नाही. २००६ च्या पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यांत हा एक. त्यानंतर २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. त्या बँका व सोसायट्यांच्या कर्जापुरत्या होत्या. खासगी सावकाराचे देणे, कृषिकेंद्राची उधारी, किराण्याची वही तशीच राहिली. सर्व धनको एका जागी बसवून हिशेब मिटवणारी वाट न्यायालयीन नादारीचीच. त्या वाटेने जाणाऱ्याला पहिल्याच महिन्यात दुधाच्या रतिबासाठी तुरुंगाची भीती दाखवायची असेल, तर तो सावकाराकडेच परत जाईल. विजेसारख्या गरजेच्या सेवा या कलमातून वगळाव्यात आणि उधारीची मर्यादा एका कुटुंबाच्या महिन्याच्या शिधाखर्चाइतकी करावी. त्यावर घेणाऱ्याने मात्र तोंड उघडून सांगितलेच पाहिजे.