बूस्टचा काटा नेमके काय सांगतो?

टर्बोची गाडी जास्त ताकदीची करून घेणाऱ्यांचा जीव बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या, काट्यात अडकलेला असतो. काटा किती वर गेला, यावर इंजिनाची तब्येत ठरवली जाते. माझदाच्या तिसऱ्या पिढीतल्या आरएक्स-7 ला, म्हणजे एफडी3एसला, या सवयीचा फार त्रास झाला आहे. ही गाडी 1991 मध्ये जपानमध्ये आली आणि 2002 पर्यंत बनत राहिली. तिच्यात 1308 सीसीचे रोटरी इंजिन आहे आणि एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो. अशा गाडीत काट्याचा एकच आकडा पाहून निदान होत नाही. दाब कोणत्या आरपीएमला चढला, कुठे पडला, परत आला का, हे पाहावे लागते.

पहिला गैरसमज इथलाच: 4500 आरपीएमच्या आसपास बूस्ट पडतो, म्हणजे टर्बो गेला. कंपनीच्या मूळ रचनेत हा दाब साधारण 10 पीएसआयपर्यंत चढतो, 4500 ला 8 च्या जवळ येतो आणि पुन्हा 10 वर जातो. 4500 पर्यंत एकटा पहिला टर्बो हवा देत असतो. त्या टप्प्यावर दुसरा येऊन मिळतो आणि त्याला पूर्ण वेग पकडायला क्षणभर लागतो, म्हणून ती घसरण. ती दिसली तर व्यवस्था ठीक चालली आहे.

दोष असतो तेव्हा आलेखाचा आकारच बदलतो. पहिल्या टप्प्यात दाब चढतच नसेल आणि 4500 नंतर ठीक होत असेल, तर पहिल्या टर्बोची हवा कुठेतरी निसटते आहे. दुसऱ्या टर्बोची वाट बंद ठेवणारी झडप उघडी राहिली की हवा त्या निवांत टर्बोतून उलटी पळते. उलट, आधी 10 पीएसआय मिळतात आणि 4500 नंतर दाब खाली जाऊन तिथेच राहतो, तेव्हा दुसरा टर्बो कामाला लागलेलाच नसतो. दोन्ही प्रकारांत टर्बो स्वतः बहुधा निर्दोष निघतो. टर्बोंच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, सोलेनॉइड आणि एकाच दिशेने हवा सोडणारे छोटे व्हॉल्व्ह यांच्या जाळ्यावर चालतात. इंजिनाच्या उष्णतेने त्या रबरी नळ्या कडक होतात, तडकतात. हातपंप लावून झडप हलवणारा प्रत्येक अॅक्चुएटर व्हॅक्यूम धरतो का, ते पाहावे. सोलेनॉइडला 12 व्होल्ट दिल्यावर ‘टिक’ आवाज आला म्हणजे तो चांगला, असे समजून पुढे जाऊ नये. आवाज करणारा सोलेनॉइडही हवा गळू देऊ शकतो. त्यातून फुंकून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: दाब वाढत चालला तर बूस्ट कंट्रोलर बसवून तो खाली आणता येतो. जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, म्हणजे वेस्टगेटच्या, स्प्रिंगने ठरवलेल्या दाबाच्या खाली कोणताही कंट्रोलर नेऊ शकत नाही, तो फक्त वर नेतो. एफडीचा एक्झॉस्ट मोकळा केला, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला, की टर्बाइनकडे वायूचा ओघ वाढतो आणि मूळ वेस्टगेटचे छोटे भोक तो बाहेर सोडायला अपुरे पडते. वेस्टगेट पूर्ण उघडा असूनही दाब आरपीएमसोबत सावकाश चढत राहतो. थंड हवेत हे आणखी जाणवते. इलाज यांत्रिक आहे: भोक मोठे करणे किंवा एक्झॉस्टमध्ये थोडा अडथळा परत आणणे. दाब क्षणभर उसळून लगेच जागेवर येत असेल, तर तो वेगळा दोष. तो वेस्टगेट उशिरा उघडण्याचा, आणि तिथे कंट्रोलरची मांडणी तपासणे योग्य.

बूस्ट जास्त म्हणजे ताकद जास्त, हेही अर्धेच खरे. दाब म्हणजे इंजिनाने घेतलेली हवा नव्हे. पाण्याच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले तर आत दाब वाढतो, पण पाणी जास्त येत नाही. शिवाय हवा दाबली की तापते. 30 अंशांची हवा 14.5 पीएसआय बूस्टपर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती इंटरकूलरच्या आधी सुमारे 125 अंशांवर पोचते. कार्यक्षमता 60 टक्क्यांवर घसरली तर 140 च्या वर. छोटा टर्बो त्याच्या आवाक्याबाहेर पळवला की हेच होते: काटा वर, हवा गरम, इंजिन धोक्यात.



टर्बोनंतर हवेची गळती असेल तर गाडी काळा धूर सोडेल, ही खूणही इथे चालत नाही. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या गाड्यांत असतो, तिथे मोजलेली हवा पुढे गळाली की मिश्रणात पेट्रोल जास्त होते. एफडी मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हिशेब करते, त्यामुळे गळती असली तरी मिश्रण बहुधा ठीक राहते आणि गाडी फक्त मंद वाटते. टर्बो मात्र तो दाब भरून काढायला जास्त वेगाने फिरत राहतो. म्हणून बंद इंजिनात एअर फिल्टरच्या जागी टोपण लावून बेताच्या दाबाची हवा सोडावी आणि जोडांवर साबणाचे पाणी फिरवावे.

न्यूट्रलमध्ये रेस करून बूस्ट तपासणारेही भेटतात. इंजिनावर भारच नसेल तर एक्झॉस्टमध्ये पुरेसा जोर येत नाही. डायनोवर किंवा ट्रॅकवर, एकाच गिअरमध्ये, खालच्या आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल देऊन दाब आणि आरपीएम एकत्र नोंदवावेत.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाब मर्यादेबाहेर गेला की एफडीचा संगणक पेट्रोल तोडतो आणि गाडी हिसका देते. काही जण याला दोष समजतात आणि ही तोड फसवणारे उपकरण बसवतात. पेट्रोल पुरवठा तसाच ठेवून दाब वाढत गेला, तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, होऊन रोटरच्या टोकाचे सील तुटतात. तुटलेला तुकडा हाउसिंग ओरबाडतो, बाहेर जाता जाता टर्बाइनची पातीही मोडू शकतो, आणि मग इंजिन उघडून नव्याने बांधावे लागते. हिसका बसला तर पाय उचलावा आणि दाब का चढला, ते आधी शोधावे.