लाखकामाच्या कातीव वस्तू आणि प्रदर्शनातील स्पर्शाचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्यात पळसावर लाखेचे उत्पादन घेतले जाते आणि येथील जंगलांत कातकामास उपयुक्त असे हळदूचे लाकूडही मिळते. म्हणून सावंतवाडी किंवा कर्नाटकातील चन्नपट्टण येथील लाखकाम आपल्या महाविद्यालयात मांडले गेले, तर तो सर्वस्वी परका विषय ठरत नाही. अशा प्रदर्शनात प्रेक्षकांना वस्तू हाताळू द्याव्यात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेथवर फिरणाऱ्या लाकडास रंगीत लाखेची कांडी टेकवली असता घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन पसरते. चन्नपट्टणात पुढे केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. हा लेप कोरड्या हाताचा स्पर्श सहज सोसतो. अल्कोहोल मात्र सोसत नाही, कारण लाख त्यात विरघळते. २०२० नंतर दाराशी सॅनिटायझर ठेवण्याची रीत पडली. त्यात सामान्यतः ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते. तो हातावर वाळण्यापूर्वीच प्रेक्षकाने भोवरा उचलला, तर लेप चिकट होऊन बोटांचे ठसे उमटू शकतात. येथे स्वच्छतेचा अतिउत्साहच वस्तूच्या मुळावर येतो! साबणाने हात धुऊन ते पूर्ण कोरडे करणे हाच उपाय इष्ट होय. लेप नसलेल्या फिकट लाकडाची गोष्ट निराळी. हाताचा घाम व तेल त्याच्या तंतूंत मुरते आणि तो डाग पुसून जात नाही. अशा वस्तू व जुने संग्राह्य नमुने काचेआडच ठेवावेत.

तथापि सरसकट ‘हात लावू नये’ अशी पाटी लावणे हा आयोजकांचा आळस आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वाडग्याची कड किती पातळ उतरली, डबीचे झाकण किती नेमके बसते, यातच कातकाम करणाऱ्याचे कसब असते आणि ते डोळ्यांना पुरते कळत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यास तर स्पर्शाशिवाय प्रदर्शनच नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा स्वतंत्र उल्लेख आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

यास्तव प्रत्येक प्रकारातील एक वस्तू केवळ हाताळण्यासाठी ठेवावी. तिची किंमत महाविद्यालयाने कारागिरास आधीच द्यावी. अन्यथा प्रेक्षकाच्या हातून निसटलेल्या डबीचा भुर्दंड त्यालाच पडतो आणि पुढील वर्षी तो आपल्या उत्तम वस्तू घरीच ठेवून येतो.